प्लेस्टेशन २ चा गेम कॉम्प्युटरवर अडखळतोय? आधी आकडे वाचा, मग सेटिंगला हात लावा

एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, गेम हळू चालायला लागला की बहुतेक जण कुणाच्या तरी ‘बेस्ट सेटिंग्ज’ शोधतात आणि जशाच्या तशा उतरवून काढतात. एका फटक्यात दहा-बारा खटके फिरतात. गेम सुधारला तर नेमका कशामुळे सुधारला ते कळत नाही, आणि बिघडला तर मागे कसं यायचं तेही उमगत नाही. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरचं दुखणं वेगळं, आपल्या कॉम्प्युटरचं वेगळं. त्याचं औषध आपल्याला लागू पडेलच असं नाही.

गेम अडखळण्याची कारणं ढोबळ मानाने चार. प्रोसेसर कमी पडतो, ग्राफिक्स कार्ड कमी पडतं, वेग पूर्ण असूनही फ्रेम (गेमची एकेक चित्रं) वेळेवर पडद्यावर येत नाहीत, किंवा तो गेम मूळ कन्सोलवरही तितकाच संथ होता. यातलं आपलं कारण कोणतं ते एम्युलेटर स्वतःच पडद्यावर आकड्यांत सांगत असतो. ते आकडे वाचता आले की निम्मं काम झालं.

मी इथे प्लेस्टेशन २ आणि त्याचा एम्युलेटर पीसीएसएक्सटू धरून लिहितोय. त्याची २.० ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली. त्याआधीच्या १.६ पर्यंतच्या आवृत्त्यांत ग्राफिक्सचे आणि आवाजाचे वेगळे प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) निवडावे लागत, आता ते सगळं एम्युलेटरच्या आतच आहे. म्हणून प्लगिन बदलायला सांगणारा सल्ला दिसला तर तो जुना समजून सोडून द्या. दुसऱ्या कन्सोलचा एम्युलेटर वापरत असाल तर सेटिंगची नावं बदलतील, तपासायची रीत हीच राहील.

३०० मेगाहर्ट्झच्या यंत्राला एवढी ताकद का लागते

प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानमध्ये विक्रीला आला. त्याचा मुख्य प्रोसेसर, इमोशन इंजिन, साधारण २९५ मेगाहर्ट्झवर चालतो. आजचा साधा लॅपटॉपसुद्धा त्याच्या दहापट वेगाने धावतो, तरीही त्याची दमछाक होते. याचं कारण असं की पीएस२ मध्ये एकच प्रोसेसर काम करत नाही. इमोशन इंजिनच्या पोटात दोन व्हेक्टर युनिट (आकडेमोडीचे वेगळे विभाग) आहेत, चित्र काढायला ग्राफिक्स सिंथेसायझर आहे, आवाजाची चिप वेगळी आहे, आणि डिस्क-कंट्रोलरचा व्यवहार सांभाळायला चक्क पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर बसवलेला आहे. हे सगळे एकाच वेळी, एकमेकांच्या तालावर चालतात. एम्युलेटरला यातल्या प्रत्येकाची भाषा आपल्या प्रोसेसरच्या भाषेत चालता चालता उतरवायची असते आणि वर त्यांचा ताल चुकू द्यायचा नसतो.

हे काम दहा-बारा कोअरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतंत्र भागांत, वाटून टाकता येत नाही. इमोशन इंजिनचा सगळा भार एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, पडतो. ग्राफिक्सला दुसरा थ्रेड मिळतो, आणि दुसऱ्या व्हेक्टर युनिटला हवा तर तिसरा. म्हणून कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगवान, यालाच महत्त्व. चार दमदार कोअरचा प्रोसेसर सोळा मंद कोअरवाल्याला सहज मागे टाकतो. प्रोसेसरला एसएसई ४.१ या सूचनासंचाची साथ असावीच लागते, आणि एव्हीएक्स२ असेल तर उत्तम.

दुसरी गोम ग्राफिक्सची. पीएस२ च्या ग्राफिक्स चिपला स्वतःची मेमरी फक्त ४ एमबी होती, पण ती चिपच्या आतच असल्यामुळे तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता. गेम बनवणाऱ्यांनी याचा मनसोक्त फायदा घेतला. चित्र काढायचं, तेच परत वाचायचं, त्यावर पुन्हा काढायचं, असं एका फ्रेममध्ये कितीतरी वेळा. आपल्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड चित्र काढण्यात राक्षसी वेगवान आहे, पण काढलेलं चित्र प्रोसेसरकडे परत आणायचं म्हटलं की सगळी रांग थांबते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तयारी: इथे घाई केली की पुढे नडतं

एम्युलेटर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. विंडोज असेल तर १० किंवा त्यापुढची ६४-बिट आवृत्ती लागते, सोबत मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रनटाइमही टाका. रॅम ८ जीबी असावी.

बायॉस ही कन्सोलच्या आतली ४ एमबीची फाइल. ती एम्युलेटरसोबत येत नाही, कारण तिचे हक्क कन्सोल बनवणाऱ्यांकडे आहेत. आपल्या स्वतःच्या पीएस२ मधून ती काढून घ्यायची. त्यासाठी बायॉसड्रेन नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो कन्सोलवर चालवला की पेनड्राइव्हवर फाइल उतरते. गेमही आपल्याकडच्या डिस्कवरूनच घ्या. पीएस२ च्या डिस्क कॉम्प्युटरच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचल्या जातात, त्यामुळे आयएसओ फाइल (डिस्कची हुबेहूब प्रत) बनवणं अवघड नाही. डिस्कची खालची बाजू निळी असेल तर ती डीव्हीडी नसून सीडी आहे. तिची बिन-क्यू जोडी (दोन फाइलींत उतरवलेली प्रत) बनवा, नाहीतर गेममधलं संगीत गायब होण्याचा संभव असतो.

गेम थेट डिस्कवरून चालवू नका. ड्राइव्ह मध्येच थांबते, मग पुन्हा फिरायला लागते, आणि प्रत्येक वेळी गेमला आचका बसतो. वापरात नसली की झोपी जाणारी बाहेरची हार्डडिस्कही असाच त्रास देते. फाइल एसएसडीवर ठेवा. जागा कमी असेल तर आयएसओचं सीएचडीत (दाबून लहान केलेल्या प्रतीत) रूपांतर करा. फाइल लहान होते आणि वेगावर जाणवेल असा फरक पडत नाही.

कसोटीची जागा ठरवा

आता सगळी सेटिंग मूळ स्थितीत ठेवा. आधीच काही बदललं असेल तर सेटिंगच्या खिडकीत पूर्ववत करण्याचं बटण आहे, ते दाबा. ग्राफिक्समध्ये रेंडरर (चित्र काढायची पद्धत) ‘ऑटोमॅटिक’, इंटर्नल रिझोल्यूशन (चित्राची बारकाई) ‘नेटिव्ह’, म्हणजे मूळ कन्सोलइतकं. मग ग्राफिक्सच्याच ‘ऑन-स्क्रीन डिस्प्ले’ या भागात जाऊन वेगाची टक्केवारी, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), सीपीयूचा म्हणजे प्रोसेसरचा वापर आणि जीपीयूचा म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा वापर दाखवायला सांगा.

गेम सुरू करा आणि जिथे तो हमखास अडखळतो तिथवर जा. गर्दीचा चौक, स्फोटांची लढाई, शर्यतीची पहिली काही वळणं. तिथे एफ१ दाबून स्थिती जतन करा. एफ३ दाबलं की पुन्हा त्याच क्षणी येता येतं. ही आपली कसोटीची जागा. यापुढे प्रत्येक बदलानंतर इथेच यायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि आकडे टिपायचे. एका वेळी एकच बदल. हे कंटाळवाणं वाटेल, पण याशिवाय केलेली सगळी खटपट अंधारात चाचपडण्यासारखी आहे.

पडद्यावरचे आकडे काय म्हणतात

सगळ्यात आधी वेगाची टक्केवारी पाहा, एफपीएस नंतर. कितीतरी गेम मुळातच सेकंदाला ३० फ्रेमचे आहेत. तिथे एफपीएस ३० दिसलं म्हणजे काही बिघडलेलं नाही. वेग १०० टक्के असेल तर गेम मूळ कन्सोलच्याच गतीने चालला आहे.

अमेरिका आणि जपानसाठीच्या गेमचा पडदा सेकंदाला ५९.९४ वेळा ताजा होतो, युरोपीय गेमचा ५० वेळा. म्हणजे प्रत्येक वेळेचं सगळं काम पहिल्या प्रकारात १६.७ मिलिसेकंदांत आणि दुसऱ्यात २० मिलिसेकंदांत उरकलं पाहिजे. ईई (इमोशन इंजिन), जीएस (ग्राफिक्स सिंथेसायझर), व्हीयू (व्हेक्टर युनिट) आणि जीपीयू यांच्यासमोर जी टक्केवारी दिसते ती या मुदतीतला किती वेळ कोण खातंय ते सांगते. शंभराला जो टेकला, घोडं तिथे अडलं.

एक उदाहरण देतो. माझ्याकडच्या एका लॅपटॉपवर एक शर्यतीचा गेम ७१ टक्क्यांवर घसरायचा. पडद्यावरचे आकडे होते ईई ९९, जीएस ३४, जीपीयू २२. घरातल्या मुलाने त्याआधी रिझोल्यूशन कमी केलं होतं, सावल्या घालवल्या होत्या, रेंडररही बदलून पाहिला होता, आणि तसूभरही फरक पडला नव्हता. पडणार तरी कसा? ग्राफिक्स कार्ड तर तीन-चतुर्थांश वेळ रिकामंच बसलं होतं. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झवर रखडलेला, कारण लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये होता. चार्जर लावला, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर नेला आणि वेग शंभरावर गेला. एम्युलेटरच्या एकाही सेटिंगला हात लावावा लागला नाही.

ईई किंवा व्हीयू शंभराला टेकलं असेल

म्हणून प्रोसेसरच्या बाबतीत पहिला उपाय एम्युलेटरच्या बाहेरचा. चार्जर, पॉवर मोड, आणि मागे चाललेले ब्राउझर नि अँटीव्हायरसचं स्कॅन. नंतर उष्णता. गेम पहिली दहा मिनिटं मस्त चालतो आणि मग मंदावतो, असं होत असेल तर प्रोसेसर तापल्यामुळे स्वतःचा वेग कमी करतोय, हे जवळजवळ नक्की समजा. पंख्याच्या जाळीतली धूळ काढा, लॅपटॉप गादीवर न ठेवता मागून थोडा उचलून ठेवा. यावर दुसरा इलाज नाही.

मग एम्युलेशनच्या सेटिंगमध्ये मल्टिथ्रेडेड व्हीयू१, म्हणजे एमटीव्हीयू, चालू आहे का ते पाहा. यामुळे दुसऱ्या व्हेक्टर युनिटचा भार ईईच्या डोक्यावरून उतरून वेगळ्या थ्रेडवर जातो. चार किंवा जास्त कोअर असतील तर हा सगळ्यात फायद्याचा खटका. थोडे गेम याच्यामुळे अडकून पडतात, तेवढ्यांसाठी तो बंद ठेवायचा.

एवढं करूनही वेग ८५-९० टक्क्यांच्या वर जात नसेल तर ‘ईई सायकल रेट’ एक पायरी खाली, ७५ टक्क्यांवर आणून पाहा. याचा अर्थ कन्सोलचा प्रोसेसरच जरा मंद असल्याचं आपण गेमला भासवतो, म्हणजे आपल्या प्रोसेसरचं काम तेवढं कमी होतं. जे गेम इमोशन इंजिनला फार राबवत नव्हते त्यांना याचा फरक जाणवतही नाही. जे पुरेपूर राबवत होते, त्यांच्या फ्रेम गळायला लागतात.

‘ईई सायकल स्किप’ हा त्यापुढचा, आणि माझ्या मते शेवटचा उपाय. तो चालू केला की वेग शंभर टक्के दिसू लागतो, पण खरी हालचाल निम्म्या फ्रेमची होते आणि मधले व्हिडिओ अडखळतात. आकडा छान दिसतो म्हणून फसू नका, डोळ्यांनी पाहा. ‘माइल्ड’च्या पुढे जावं लागत असेल तर तो गेम त्या कॉम्प्युटरला झेपणारा नाही, हे मान्य करून हलका गेम निवडणं बरं.

जीपीयू किंवा जीएस अडत असेल

रिझोल्यूशनचा हिशोब नीट समजून घ्या. दुप्पट केलं की चित्र साधारण ७२० रेषांचं होतं, तिप्पट म्हणजे १०८०, चौपट म्हणजे १४४०, सहापट म्हणजे फोर-के. पण काम त्याच्या वर्गाने वाढतं. तिपटीत नऊ पट पिक्सेल, सहापटीत छत्तीस पट. मॉनिटर १०८० रेषांचा असेल तर तिपटीवर थांबा. त्यापुढे कडा किंचित मऊ होतील, पण कार्ड उगाच तापेल.

‘ब्लेंडिंग ॲक्युरसी’ (अर्धपारदर्शक थर मिसळण्याची अचूकता) मूळ ‘बेसिक’वरच ठेवा. काही गेममध्ये धूर किंवा पाणी चुकीचं दिसतं, तेवढ्यापुरतीच एक पायरी वर न्या. ‘फुल’, ‘मॅक्सिमम’ ही नावं आकर्षक आहेत, पण मध्यम कार्ड तिथे गुडघे टेकतं.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर एम्युलेटर भलतीच चिप वापरत नाही ना, ते ‘ॲडॅप्टर’च्या यादीत पाहून घ्या. रेंडरर बदलायचा असेल तर व्हल्कन आणि डायरेक्टथ्रीडीचे दोन प्रकार कसोटीच्या जागेवर ओळीने तपासा. कोणत्या कार्डाला काय मानवेल ते आधी सांगता येत नाही, आणि हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे.

कधीकधी वेग कमी असतो, पण रिझोल्यूशन नेटिव्हवर आणलं तरी काहीच बदलत नाही आणि जीपीयू निवांत दिसतं. मघाशी सांगितलेली परत वाचण्याची भानगड ती हीच. कार्ड आणि प्रोसेसर एकमेकांची वाट पाहत बसतात. एफ९ दाबा. सॉफ्टवेअर रेंडरर सुरू होतो, म्हणजे सगळं चित्र प्रोसेसरच काढतो. वाट पाहणं संपतं, आणि असा अडलेला गेम कित्येकदा इथे चक्क जास्त वेगाने पळतो. चित्र जुन्या टीव्हीइतकंच स्पष्ट असतं, पण मूळ कन्सोलच्या सर्वांत जवळचं असतं. ते पसंत नसेल तर ‘हार्डवेअर डाउनलोड मोड’मध्ये परत वाचणं कमी करता येतं, मात्र त्यात एखादा प्रकाशाचा किंवा सावलीचा परिणाम नाहीसा होऊ शकतो.

वेग शंभर, तरी आचके

हा प्रकार सगळ्यात वैताग आणणारा, कारण आकड्यांत दोष दिसत नाही. आधी आचका कधी बसतो ते पाहा. नवी जागा, नवा शत्रू, पहिला स्फोट अशा वेळी एकदाच बसत असेल आणि परत तिथे गेल्यावर बसत नसेल, तर ग्राफिक्सचा शेडर (चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारा छोटा प्रोग्रॅम) त्या क्षणी तयार होत होता. तो साठवून ठेवला जातो, त्यामुळे काही तास खेळल्यावर त्रास आपोआप कमी होतो. फक्त ‘साफसफाई’च्या नावाखाली एम्युलेटरचा कॅशे (हा साठा) पुसू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

आचका ठरावीक अंतराने बसत असेल तर गुन्हेगार मॉनिटर. गेम ५९.९४ वर, मॉनिटर ६० वर. दिसायला फरक नगण्य, पण दर सोळा-सतरा सेकंदांनी मॉनिटरला एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. संथ सरकणाऱ्या दृश्यात ती उचकी डोळ्याला स्पष्ट टोचते. ‘व्ही-सिंक’ आणि ‘सिंक टू होस्ट रिफ्रेश रेट’ ही गेमला मॉनिटरच्या तालावर आणणारी सेटिंग दोन्ही चालू करा. गेम ०.१ टक्का जास्त वेगाने पळेल, कानाला कळणारही नाही, आणि उचकी जाईल.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर तो १२० वर आणा. १४४ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे काही फ्रेम पडद्यावर दोन वेळा राहतात आणि काही तीन वेळा. १२० वर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा. युरोपीय गेमसाठी मॉनिटर ५० किंवा १०० वर जात असेल तर तसा करा. बदलत्या रिफ्रेशचा मॉनिटर असेल तर हा सगळा हिशोब तोच सांभाळतो.

आवाज फुटत असेल तर आधी वेगाचा आकडा पाहा. तो शंभराखाली जात असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये शोधण्यासारखं काही नाही. वेग पक्का असेल तरच आवाजाचा बफर (आधीच साठवून ठेवलेला आवाज) थोडा वाढवा.

मूळ कन्सोलवरच संथ असलेले गेम

२००५ साली आलेला ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ घ्या. अजस्र राक्षसांच्या अंगावर चढताना हा गेम खऱ्या पीएस२ वरही धापा टाकायचा. एम्युलेटर प्रामाणिक असेल तर तीच धाप तुम्हाला १०० टक्के वेगात दिसेल. इथे उलटा उपाय लागतो. ‘ईई सायकल रेट’ १३० किंवा १८० टक्क्यांवर न्यायचा, म्हणजे गेमला मुळापेक्षा ताकदवान कन्सोल मिळाल्यासारखं होतं आणि गळणाऱ्या फ्रेम भरून निघतात. लहानपणी जो गेम अडखळत पाहिला तो पहिल्यांदा असा सलग वाहताना पाहणं, या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत आवडता क्षण.

मात्र आपल्या प्रोसेसरकडे तेवढी ताकद शिल्लक हवी. एफ४ दाबून वेगाची मर्यादा काढा आणि कसोटीच्या जागेवर आकडा पाहा. १६०-१७० टक्के गाठत असेल तर वाव आहे. ११० वरच थांबत असेल तर या वाटेला जाऊ नका. सेकंदाला ६० फ्रेमचे पॅच (गेममध्ये बदल करणाऱ्या छोट्या फाइली) वापरतानाही हाच निकष लावा, आणि गेममधली घड्याळं नि उड्या बिघडल्या नाहीत ना ते पॅच लावल्यावर तपासा.

बदल त्या गेमपुरतेच

जे काही बदलाल ते गेमच्या यादीत त्या गेमवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये बदला. सार्वत्रिक सेटिंगमध्ये नको. एकासाठी कमी केलेला सायकल रेट दुसऱ्याच्या मुळावर येतो. एम्युलेटरकडे गेमनिहाय दुरुस्त्यांची स्वतःची यादी आहे आणि तो त्या गुपचूप लावत असतो. म्हणूनच ‘मॅन्युअल हार्डवेअर फिक्सेस’चा खटका विनाकारण चालू करू नका, कारण तो चालू केला की ग्राफिक्सच्या या आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या थांबतात. रिझोल्यूशन वाढवल्यावर उभ्या रेषा किंवा सरकलेली धूसर सावली दिसत असेल तेव्हाच तिथे जा आणि ‘हाफ पिक्सेल ऑफसेट’पासून सुरुवात करा.

नवी आवृत्ती टाकण्याआधी मात्र एक काम न विसरता करा. एफ१ ने जतन केलेली स्थिती पुढच्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. म्हणून गेममधल्या जतन करण्याच्या जागी जाऊन आभासी मेमरी कार्डावर खेळ साठवा, मेमरी कार्डाची फाइल दुसरीकडे उतरवून ठेवा, मग आवृत्ती बदला. गेम कार्डावरून उघडा, कसोटीच्या जागी जा, तिथे एफ१ ने नवी स्थिती जतन करा आणि आधी टिपून ठेवलेल्या आकड्यांशी आजचे आकडे ताडून पाहा.